फुप्फुसाचा कर्करोग आणि पहिले नव्वद दिवस

मनुष्यास होणाऱ्या नाना प्रकारच्या कर्करोगांत सर्वांत अधिक बळी घेणारा कर्करोग फुप्फुसाचा होय. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजाप्रमाणे सन २०२२ या एका वर्षात जगभर सुमारे २५ लक्ष माणसांस हा रोग नव्याने जडला आणि सुमारे १८ लक्ष माणसे त्याने दगावली. त्याच वर्षी भारतात नवे रुग्ण ८१ हजारांहून अधिक आणि मृत्यू सुमारे ७५ हजार होते. या दोन आकड्यांतील अंतर किती थोडे आहे, हे हिशेबाची सवय असलेल्या आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

परंतु या आकड्यांच्या पोटात आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि तिकडे सर्वसामान्य माणसाचे लक्ष क्वचितच जाते. हा रोग झालेले सर्वच रुग्ण एकाच गतीने मृत्यूकडे जात नाहीत. कोणी निदानानंतर पाच-दहा वर्षे जगतो, आपला व्यवसाय पाहतो, नातवंडांची लग्ने करतो. आणि कोणी रोगाचे नाव कळल्यापासून दोन-तीन महिन्यांतच निघून जातो. हा फरक कशाने पडतो? तो केवळ दैवाचा खेळ आहे, की त्याची काही कारणे आहेत? आणि कारणे असतील तर त्यांपैकी कोणती आपल्या हातची आहेत? प्रस्तुत लेखात आम्ही एवढ्याच प्रश्नांचा विचार करणार आहोत.

ब्रिटनमधील पाहणी

या प्रश्नाचा पद्धतशीर शोध ब्रिटनमध्ये घेतला गेला. त्या देशात प्रत्येक नागरिकाचे नाव एखाद्या कौटुंबिक डॉक्टरच्या दवाखान्यात नोंदलेले असते, आणि त्याच्या प्रत्येक भेटीची, तक्रारीची व तपासणीची टिपणे तेथे जपून ठेवली जातात. सन २००० ते २०१३ या काळातील अशा नोंदींमधून फुप्फुसाच्या कर्करोगाचे २०,१४२ रुग्ण निवडून, निदानानंतर नव्वद दिवसांच्या आत मृत्यू पावलेले आणि त्याहून अधिक जगलेले, असे त्यांचे दोन वर्ग संशोधकांनी केले. हा अभ्यास पुढे 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तिघांपैकी जवळजवळ एक रुग्ण नव्वद दिवसांच्या आत गेला होता.

लवकर मृत्यू कोणास येतो, याचे उत्तर या अभ्यासाने पुढीलप्रमाणे दिले. स्त्रियांपेक्षा पुरुषांत हे प्रमाण काहीसे अधिक आढळले. निदानाच्या वेळी धूम्रपान चालू असणाऱ्यांत ते ठळकपणे अधिक होते. वय वाढत जाई तसा धोका वाढत जाई. पासष्ट ते एकोणसत्तर वर्षांच्या रुग्णांशी तुलना करता ऐंशी व त्यापुढील वयाच्या रुग्णांत संभाव्यतेचे गुणोत्तर १.८ इतके भरले. गरीब वस्तीत राहणारे रुग्ण सुखवस्तू वस्तीतील रुग्णांपेक्षा, आणि खेड्यातील रुग्ण शहरातील रुग्णांपेक्षा अधिक संख्येने लवकर दगावले.

येथवरचे निष्कर्ष अपेक्षित म्हणता येतील. पण त्यांच्यासोबत जे आढळले ते विचार करावयास लावणारे आहे. लवकर मृत्यू पावलेले हे लोक डॉक्टरचे तोंड न पाहता घरी बसून राहिलेले नव्हते. उलट, निदानापूर्वीच्या काळात ते इतरांपेक्षा अधिक वेळा डॉक्टरकडे जाऊन आले होते! खोकला, धाप, थकवा, छातीत दुखणे अशा तक्रारी घेऊन ते पुनःपुन्हा दवाखान्याची पायरी चढले होते. परंतु त्या तक्रारींमागे काय आहे हे ओळखण्याची संधी हुकली होती. दुसरी गोष्ट याहून चमत्कारिक. छातीची क्ष-किरण चित्रे ज्या दवाखान्यांनी अधिक प्रमाणात काढविली, तेथे लवकर मृत्यू कमी होतील अशी कोणीही अपेक्षा करील. प्रत्यक्षात तसे झाले नाही. अशा दवाखान्यांत ते प्रमाण अधिकच आढळले. केवळ चित्रांची संख्या वाढवून भागत नाही. योग्य माणसाची, योग्य वेळी, योग्य तपासणी झाली पाहिजे, असा याचा अर्थ संशोधकांनी लावला. क्ष-किरण चित्र निर्दोष आले म्हणजे छाती निर्दोष, असे समजण्याचा आपला प्रघात आहे. तो बरोबर नाही. फुप्फुसाचा कर्करोग असूनही साध्या क्ष-किरण चित्रात तो न दिसण्याचे प्रमाण सुमारे एक पंचमांश आहे. तक्रार चालूच राहिली तर सी. टी. स्कॅन करून घेणे अगत्याचे ठरते.

मृत्यू लवकर का येतो

पहिले आणि सर्वांत मोठे कारण म्हणजे निदानाच्या वेळी झालेला रोगाचा विस्तार. फुप्फुसाच्या आतील भागास वेदनेची जाणीव जवळजवळ नाही. त्यामुळे गाठ वाढत असता माणूस चालतो, फिरतो, दुकानात बसतो आणि त्यास कशाचीच चाहूल लागत नाही. रोग मेंदू, यकृत, हाडे अथवा मूत्रपिंडावरील ग्रंथी येथे पोहोचला, म्हणजे मग त्याचे अस्तित्व कळून येते. अमेरिकेतील नोंदींनुसार रोग फुप्फुसापुरता मर्यादित असता सापडलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक पाच वर्षे ओलांडतात. शरीरात दूरवर पसरल्यावर सापडलेल्यांपैकी पाच वर्षे जगणारे दहांत जेमतेम एक. रोगाचा प्रकारही महत्त्वाचा आहे. लहान पेशींचा म्हणून जो प्रकार आहे तो फार वेगाने वाढतो, आणि उपचार न झाल्यास काही आठवड्यांत किंवा दोन-चार महिन्यांत जीव घेतो. मात्र औषधांस तो प्रथम चांगला प्रतिसादही देतो. म्हणून त्या प्रकारात एक-एक दिवसाचे मोल आहे.

दुसरे कारण रुग्णाची कार्यशक्ती. कर्करोगतज्ज्ञ रुग्णास तपासताना एक साधा प्रश्न मनाशी विचारतात: हा माणूस दिवसाचा किती वेळ अंथरुणावर काढतो? यासाठी त्यांनी शून्यापासून चारपर्यंत एक श्रेणी ठरविली आहे. पूर्ववत् सर्व कामे करणारा तो शून्य. हलकी कामे करू शकणारा तो एक. स्वतःचे स्वतः करतो पण नोकरी-धंदा करू शकत नाही तो दोन. जागेपणाचा निम्म्याहून अधिक वेळ अंथरुणात वा खुर्चीत असणारा तो तीन. आणि पूर्णपणे खिळलेला तो चार. तीन व चार या श्रेणींतील रुग्णांस लवकर मृत्यूचा धोका सर्वांत अधिक असतो, आणि जहाल औषधे सोसण्याची ताकदही त्यांच्यात नसते. रोग तोच, पण महिन्यापूर्वी आलेला रुग्ण पहिल्या श्रेणीत असतो आणि महिन्यानंतर आलेला तिसऱ्या श्रेणीत! विलंबाची किंमत ती हीच.

तिसरे कारण शरीराची झीज. सहा महिन्यांत विशेष प्रयत्न न करता शतकडा पाचांहून अधिक वजन उतरले, म्हणजे सत्तर किलोच्या माणसाचे साडेतीन किलोंहून अधिक वजन गेले, तर डॉक्टर ते धोक्याचे लक्षण मानतात. ही झीज केवळ कमी जेवल्यामुळे होत नाही. रोग शरीराची सारी देवघेवच बिघडवितो, आणि स्नायू आतून आटत जातात. रक्तातील आल्ब्युमिन नावाचे प्रथिन कमी होणे, पांडुरोग, रक्तातील सोडियम उतरणे, ही सर्व याच वाटेवरील निशाणे होत. वजन उतरू लागले की आपल्याकडे 'बरे झाले, पोट कमी झाले' असे कौतुक होते. पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या बाबतीत हे कौतुक आवरते घ्यावे, अशी आमची सूचना आहे.

चौथे कारण आधीचे आजार. दीर्घकाळच्या धूम्रपानाने किंवा चुलीच्या धुराने श्वासनलिका आकसलेल्या असतील, हृदय दुर्बळ असेल, मधुमेहाने मूत्रपिंडे थकली असतील, तर शस्त्रक्रिया आणि किरणोपचार हे दोन्ही मार्ग अरुंद होतात.

पाचवे कारण म्हणजे अकस्मात येणारी संकटे. आणि पहिल्या काही आठवड्यांतील पुष्कळ मृत्यू यांनीच होतात. गाठीमुळे श्वासनलिका बंद होऊन तिच्या मागील भागात न्यूमोनिया होतो. पायाच्या नीलेत रक्ताची गुठळी तयार होऊन ती फुप्फुसात जाऊन अडकते. कर्करोग आणि रक्ताच्या गुठळ्या यांचा संबंध फ्रान्समधील थोर वैद्य आर्मां त्रूसो यांनी एकोणिसाव्या शतकातच दाखवून दिला होता. हृदयाभोवती पाणी जमते, मानेच्या व छातीच्या मोठ्या नीलेवर दाब येऊन चेहरा सुजतो, रक्तातील कॅल्शियम वाढून ग्लानी येते. औषधोपचार सुरू झाल्यावर पांढऱ्या पेशी घटून साधा ताप जीवघेणा ठरतो. यांतील बहुतेक संकटांवर वेळीच उपाय आहे. एका पायास अचानक आलेली सूज, एकाएकी वाढलेली धाप, औषधाच्या पाळीनंतर आलेला १००.४ अंशांवरील ताप, थुंकीतून रक्त, वाढता गुंगारा यांपैकी काहीही दिसले तर सकाळ होण्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आपल्याकडील विलंबाच्या वाटा

ब्रिटनची ही हकीगत आपल्यास जशीच्या तशी लागू होत नाही. आपल्याकडे विलंबाच्या वाटा निराळ्या आहेत. पैकी पहिली क्षयरोगाची. खोकला, ताप, वजन उतरणे, थुंकीतून रक्त पडणे, आणि छातीच्या चित्रात डाग, ही लक्षणे दोन्ही रोगांची समान आहेत. क्षय आपल्याकडे घरोघरी ठाऊक असलेला रोग. त्यामुळे थुंकीत जंतू न सापडताही केवळ चित्रावरून क्षयाची औषधे सुरू होतात, आणि कर्करोगाचे कित्येक रुग्ण त्यांत महिनेच्या महिने घालवितात. क्षयाची औषधे घेत असताना जंतूंचा पुरावा मिळालेला नसेल आणि प्रकृती सुधारत नसेल, तर 'हे दुसरे काही असू शकेल काय?' असा प्रश्न डॉक्टरांस नम्रतेने पण स्पष्टपणे विचारावा. सी. टी. स्कॅन आणि गाठीतील तुकड्याची तपासणी यांखेरीज या शंकेचे निरसन होत नाही.

दुसरी वाट निर्व्यसनीपणाच्या विश्वासाची. 'आमच्या घरात कोणी विडी-सिगारेट ओढत नाही, तेव्हा हा रोग आमच्याकडे कसा येईल?' असे अनेक कुटुंबांत म्हटले जाते. धूम्रपान हे या रोगाचे सर्वांत मोठे कारण खरे. डॉल व ब्रॅडफर्ड हिल या ब्रिटिश संशोधकांनी ते सन १९५० मध्येच प्रसिद्ध केले. परंतु भारतात, विशेषतः स्त्रियांत, जन्मात धूम्रपान न केलेल्या रुग्णांचे प्रमाण बरेच आहे. चुलीचा धूर, दुसऱ्याच्या सिगारेटीचा धूर आणि शहरांतील दूषित हवा यांचाही या रोगाशी संबंध आहे. बाहेरील हवेचे प्रदूषण हे कर्करोगाचे कारण असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने सन २०१३ मध्ये जाहीर केले. म्हणून निर्व्यसनी माणसाचा खोकलाही तीन आठवड्यांवर गेला तर तो दुर्लक्षण्याजोगा नाही.

येथे विडीविषयीही दोन शब्द लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. बेळगाव जिल्ह्यातील निपाणी ही विडीच्या तंबाखूची जुनी व नामांकित बाजारपेठ. तेव्हा हा विषय आपल्या प्रदेशास परका नाही. विडीत तंबाखू थोडी असते, म्हणून ती सिगारेटीहून सौम्य, असा समज पसरलेला आहे. तो चुकीचा आहे. विडी पेटती ठेवण्यासाठी ती वारंवार आणि जोराने ओढावी लागते, आणि तिच्या धुरातील डांबर व कार्बन मोनॉक्साइड सिगारेटीच्या तुलनेने कमी नसते.

तिसरी वाट आम्हां व्यापाऱ्यांची खास आहे. हंगाम चालू आहे, दिवाळीचा माल यावयाचा आहे, मार्चअखेरचे हिशेब व्हावयाचे आहेत, मुलीचे लग्न तोंडावर आले आहे. ते आटोपले की मग मुंबईस जाऊन दाखवू. पेढीवर देणेकऱ्यास एक दिवसाची मुदत देताना दहा वेळा विचार करणारा माणूस आपल्या छातीतील रोगास मात्र तीन-तीन महिन्यांची मुदत बिनतारण देऊन टाकतो! ज्या रोगात तिघांतील एक माणूस नव्वद दिवसांत जाऊ शकतो, त्या रोगात असा एक हंगाम म्हणजे कित्येकदा सर्व आयुष्य असते.

हातचे उपाय

वय आणि लिंग यांपुढे कोणाचे चालत नाही. पण बाकीच्या कारणांपैकी पुष्कळ बदलण्याजोगी आहेत, आणि हेच या लेखाचे मुख्य सांगणे आहे.

पहिला उपाय रोग तक्रारीपूर्वीच शोधणे. दीर्घकाळ धूम्रपान केलेल्या ५५ ते ७४ वर्षे वयाच्या ५३,४५४ माणसांवर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. त्यांत रोज वीस सिगारेटी याप्रमाणे निदान तीस वर्षांइतके धूम्रपान केलेली माणसे घेतली होती. वर्षातून एकदा, याप्रमाणे तीन वेळा, अल्प किरणमात्रेचे सी. टी. स्कॅन केल्याने साध्या क्ष-किरण चित्राच्या मानाने या रोगाचे मृत्यू २० टक्क्यांनी घटले, असे सन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. ब्रिटननेही सन २०२३ मध्ये अशा तपासणीची राष्ट्रीय योजना जाहीर केली. आपल्याकडे जुन्या क्षयाचे व्रण छातीत पुष्कळ असल्याने स्कॅनमध्ये फसवे डाग दिसण्याचा संभव अधिक. म्हणून ही तपासणी स्वतःच्या मनाने न करता तज्ज्ञाच्या सल्ल्याने करावी.

दुसरा उपाय धूम्रपान सोडणे, आणि तेही निदानानंतरसुद्धा. 'आता सोडून काय उपयोग?' हा प्रश्न स्वाभाविक वाटतो, पण चुकीचा आहे. आरंभीच्या अवस्थेत रोग सापडलेल्या रुग्णांविषयीच्या अनेक अभ्यासांचा एकत्र विचार बर्मिंगहॅम येथील संशोधकांनी सन २०१० मध्ये केला. पासष्ट वर्षांच्या आसपासचे जे रुग्ण धूम्रपान चालू ठेवतील त्यांपैकी ३३ टक्के, आणि जे सोडतील त्यांपैकी ७० टक्के पाच वर्षे जगतील, असा अंदाज त्यांनी काढला.

तिसरा उपाय गाठीतील पेशींची जनुकीय तपासणी. काही रुग्णांच्या गाठीत विशिष्ट जनुकदोष असतो, आणि त्यावर तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या लागू पडतात. ई. जी. एफ. आर. या नावाने ओळखला जाणारा असा दोष भारतीय रुग्णांत पाश्चात्यांपेक्षा अधिक प्रमाणात आढळतो. जपानमध्ये हा दोष असलेल्या, परंतु प्रकृती ढासळल्यामुळे नेहमीची जहाल औषधे देणे अशक्य झालेल्या सुमारे तीस रुग्णांस अशी गोळी देण्यात आली. सन २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या वृत्तांताप्रमाणे दहांपैकी जवळजवळ आठ रुग्णांची कार्यशक्ती सुधारली. ज्यांची आशा सोडली होती त्यांपैकी काही जण पुन्हा हिंडूफिरू लागले. सर्वांसच हा लाभ होत नाही. पण तपासणीच न केली तर कोणास होईल हे कळण्यास मार्ग उरत नाही.

चौथा उपाय परिहार सेवा, म्हणजे वेदना, धाप, अरुची, निद्रानाश आणि मनाची घालमेल यांवर केलेला सांगोपांग उपचार. ही सेवा म्हणजे अखेरच्या चार दिवसांची सोय, असा समज आहे. बॉस्टन येथील मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये रोग पसरलेल्या १५१ रुग्णांपैकी काहींस नेहमीच्या उपचारांसोबत ही सेवा आरंभापासून देण्यात आली. सन २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्यांना ती आरंभापासून मिळाली त्यांचे मध्यम आयुष्यमान ११.६ महिने भरले, आणि इतरांचे ८.९ महिने. शेवटच्या दिवसांत त्यांच्यावर जहाल औषधांचा मारा कमी झाला, तरीही ते अधिक जगले आणि अधिक सुखाने जगले. म्हणून निदान झाले त्याच आठवड्यात 'वेदना-परिहाराचे तज्ज्ञ येथे आहेत काय?' असे विचारावे.

घरच्या माणसांचे कर्तव्य

आपल्या कुटुंबांत रुग्णास रोगाचे नाव न सांगण्याची चाल आहे. तिच्यामागे प्रेम आहे, यात आम्हांस शंका नाही. पण ज्यास आपल्या रोगाचे नावच ठाऊक नाही तो पायाची सूज वेळेवर सांगत नाही, औषधाची पाळी चुकवितो आणि खोकल्याच्या गोळीवर विसंबून सिगारेट चालू ठेवतो. शिवाय नव्वद दिवसांचा काळ हा बोलून घेण्याचाही काळ आहे. पेढीचे व्यवहार, देणी-घेणी, भागीदारीची कागदपत्रे, मृत्युपत्र, विम्याचे दस्तऐवज, मुलांविषयीच्या इच्छा, रुग्णालयात राहावे की घरी, हे सर्व रुग्ण शुद्धीवर आणि बोलता असतानाच विचारावयाचे असते. पुष्कळ घरांत ते राहून जाते, आणि मागे राहिलेल्यांस दुःखासोबत वर्षानुवर्षांचा गोंधळही सोसावा लागतो. रुग्णास किती सांगावे हे त्याच्याच कलाने ठरवावे. परंतु त्याने विचारले असता खोटे सांगू नये.

एक गोष्ट मात्र कोणत्याही घरात होऊ नये. ती म्हणजे रुग्णास दोष देणे. 'इतकी वर्षे सांगत होतो, ऐकले नाही' हे वाक्य त्याच्या कानांवर पडले की तो तक्रारी लपवू लागतो, आणि लपविलेली तक्रार त्याच्या जिवावर बेतते.

वरील सर्व विवेचनाचा सारांश थोडक्यात सांगावयाचा तर तो असा: तीन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला, थुंकीतील रक्ताचा एक ठिपका, अकारण उतरलेले वजन, बसलेला आवाज, चढणीवर नव्याने लागू लागलेली धाप, यांपैकी काहीही स्वतःत, पत्नीत, आईवडिलांत अथवा पेढीवरील गुमास्त्यात दिसले, तर त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा. आणि तक्रार थांबली नाही तर पुन्हा जावे, तिसऱ्यांदा जावे, आणि कारण सापडेपर्यंत तपास सोडू नये. ब्रिटनमधील ते रुग्ण पुनःपुन्हा गेले होते; त्यांचे कारण वेळेवर सापडले नाही. आपल्या माणसांचे ते वेळेवर सापडावे, एवढ्याच इच्छेने आम्ही ही माहिती वाचकांपुढे ठेवीत आहोत.